मुऱ्हाळ्याची एकोणचाळीस मिनिटे

कराचीहून मुंबईला जाणारी बोट यंत्र बिघडल्याने हलणार नाही, असे जावईबापूंनी सांगितले तेव्हा अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) दोनच दिवस उरले होते. मी मुऱ्हाळी (लेकीला सासरहून माहेरी आणणारा) होतो. शांताची लग्नानंतरची ही पहिली अखाजी. धुळ्याहून निघताना तिच्या आईने बजावले होते, "पोरले लिसनीच या." (मुलीला घेऊनच या.)

जावईबापूंनी धावपळ करून विमानात दोन जागा मिळवल्या. आमच्याकडे मुऱ्हाळी बैलगाडीने जातो, फार तर मोटारीने.

विमानतळावर सामानाबरोबर माणसांचेही वजन करतात. जिनातला (सरकी काढण्याच्या कारखान्यातला) कापसाचा काटा सांभाळण्यात माझी वीस वर्षे गेली, पण स्वतः काट्यावर चढण्याची ही पहिलीच वेळ. शांता म्हणाली, "नाना, आधी धडा करून घ्या बरं!" (धडा म्हणजे तोलण्याआधी रिकामा काटा समतोल करणे.) कानात घालायला कापूस मिळाला. मी धागा ओढून पाहिला, आखूड निघाला.

अंतर सुमारे साडेपाचशे मैल. साडेसातला उडालो. खाली कच्छची पांढरी खारी जमीन, मग काठेवाडची शेते, मग नुसता समुद्र. दोनदा विमान एकदम खाली गेले. शांताने माझा हात धरला, असे लिहिणार होतो. खरे म्हणजे मीच तिचा धरला.

जुहूला उतरलो तेव्हा माझ्या घड्याळात अकरा वाजून पाच मिनिटे झाली होती आणि भिंतीवरच्या घड्याळात दहा सव्वीस. वरच्या गारठ्याने माझे घड्याळ पुढे पळाले असावे, असे समजून मी काटे मागे फिरवले. म्हणजे तीन तासही लागले नाहीत!

दादरहून आमची गाडी एक दहाची. ती चुकली तर चाळीसगावची पहाटेची धुळ्याची गाडी चुकणार, आणि अखाजीही. पण वेळ भरपूर दिसत होता. स्टेशनासमोरच्या खाणावळीत पुरी-भाजी मागवली आणि मैलाला एकोणीस सेकंद कसे पडले, ते शांताला समजावू लागलो.

खाणावळवाल्याने वळकटी पाहून विचारले, "कोणती गाडी, काका?"

"एक दहाची. अजून पाऊण तास आहे."

"अहो, ही मुंबईची वेळ! गाडी स्टँडर्ड टायमाने सुटते, एकोणचाळीस मिनिटं पुढे. पळा!"

सहा मिनिटे उरली होती. आम्ही धावलो. गार्डाने हिरवे निशाण उचलले होते. हमालाने वळकटी खिडकीतून लोटली. शांताच्या हातात पुरी तशीच होती. डबा हलला तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

"नाना," ती धापा टाकत म्हणाली, "मैलाला किती सेकंद म्हणालात?"

मी घड्याळ पुन्हा पुढे केले आणि आकडा दुरुस्त केला. तीन तास पस्तीस मिनिटे; मैलाला तेवीस सेकंद.

अखाजीच्या सकाळी धुळ्याला पोचलो. शांताच्या आईने भाकरीचा तुकडा लेकीवरून ओवाळून टाकला. मी मैल आणि मिनिटे सांगू लागलो, तशी ती म्हणाली, "पोर उनी ना? मंग हिसाब जमना." (मुलगी आली ना? मग हिशेब जमला.)

दुपारपर्यंत गल्लीतली माणसे कराची किती लांब, ते विचारायला येत होती. मी खरा आकडा सांगत होतो आणि मुंबईच्या घड्याळापासून सावध करत होतो. मागे निंबाच्या फांदीवर शांताचा झोका करकरत होता.