उन्हाळ्यातला वांगी स्वेटर

भर उन्हाळ्यात मांडीवर लोकर घेऊन बसलेलं माणूस दिसलं की लोकांना त्याच्या डोक्यावर परिणाम झाला असावा असं वाटतं. काकूंकडे बघून गल्लीतली निम्मी माणसं हसत आणि उरलेली निम्मी ‘उकडत नाही का हो?’ असं विचारून मग हसत. काकूंचं म्हणणं सरळ होतं. थंडीत घालायचा स्वेटर थंडीत विणायला घेतला, तर तो अंगावर चढेपर्यंत घरातले पंखे सुरू झालेले असतात. एवढी साधी गोष्ट चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांच्या डोक्यात शिरत नाही, याचा त्यांना दर उन्हाळ्यात नव्यानं राग यायचा. आणि राग आला की त्यांचे टाके घट्ट पडायचे.

उमेदीची सगळी वर्षं काकूंनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. दिवसभर लोकांची बोलणी एकमेकांना जोडून द्यायची आणि स्वतः गप्प बसायचं, असं ते काम. निवृत्त झाल्या त्या दिवशी नवऱ्यानं कौतुकानं जाहीर केलं, की आता तू मोकळी. मोकळी म्हणजे काय ते काकूंना आठवड्याभरातच कळलं. चष्म्याचं घर सापडत नसलं की काकू, दूधवाल्याशी हुज्जत घालायची असली की काकू, दाराची घंटा वाजली की काकू. एक्स्चेंजमध्ये निदान जेवणाची सुट्टी तरी असायची.

तरी त्यांनी उन्हाळ्याची घडी छान बसवली होती. ऊन चढायच्या आत बाग उरकायची. घेवड्याचे वेल काठ्यांवर चढवायचे, टोमॅटोची पिवळी पानं खुडायची, काकडीच्या आळ्यात बेतानं पाणी सोडायचं. दुपारी झाडांच्या वाटेला जायचं नसतं, म्हणून दुपार लोकरीची. हात गार पाण्यानं धुऊन खडखडीत पुसायचे, कारण घामट बोटांवरून लोकर सरकत नाही, आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचं. बाग काकूंना लोकरीइतकीच आवडायची. पण बागेतले टोमॅटो ताटात येत, म्हणून घरच्यांच्या लेखी ते काम होतं. विणणं म्हणजे नुसतं बसणं.

बसलेल्या बाईला उठवायला कुणाला काही वाटत नाही. काकूंनी त्यावर एवढाच तोडगा काढला होता, की ओळ अर्धी टाकून उठणार नाही. ‘ओळ संपू दे, आले,’ असं त्या म्हणत. नवरा बिचारा समजूतदार. तो शेजारी उभा राहून सुईकडे टक लावून बघायचा आणि शेवटचा टाका पडला रे पडला की म्हणायचा, ‘संपली ना? मग जरा चहा टाक.’

या सगळ्या धबडग्यात काकूंनी घरादाराला स्वेटर विणून घातले. स्वतःसाठीही घेतले, नाही असं नाही. पहिला निळा होता, तो नणंदेच्या नवऱ्याला थंड हवेच्या गावी जायचं होतं म्हणून गेला. मग राखाडी, तो लेकीनं अंगाला लावून पाहिला आणि काढलाच नाही. तिसरा तर अर्धा झालेला उसवून नात्यातल्या जुळ्यांची टोपडी झाली. दरवेळी नवरा एकच वाक्य म्हणायचा. ‘दे की. तू काय, अजून एक विणशील.’ काकू मूग गिळून गप्प बसायच्या आणि खरंच अजून एक विणायला घ्यायच्या.

यंदा त्यांनी वांगी रंगाची लोकर आणली. दुकानात दोनदा जाऊन, उजेडात धरून, भाव न विचारता आणली. हा स्वेटर आपला, असं त्यांनी लोकर पिशवीत टाकतानाच ठरवून टाकलं होतं.

आणि वरून खाली विणायला घेतलेल्या त्या स्वेटरचा गळा होतोय तोच नणंद मुक्कामाला आली. बाई मनानं वाईट नव्हती. फक्त हवीशी वाटलेली वस्तू आपलीच आहे, असं तिला फार लवकर वाटायला लागायचं. आल्या आल्या तिनं लोकरीवरून हात फिरवला आणि म्हणाली, ‘वहिनी, हा रंग मला काय खुलेल गं.’ नवऱ्यानं लगेच तोंड उघडलं. तो काय म्हणणार हे काकूंना पाठ होतं, म्हणून त्या आधीच म्हणाल्या, ‘नाही. हा माझा आहे.’

 नणंदेनं ‘मी आपलं सहज म्हटलं’ असं म्हणून विषय बदलला. नवऱ्याच्या कपाळाला मात्र आठ्या पडल्या, त्या रात्रीच्या जेवणापर्यंत टिकल्या.

दुसऱ्या दिवसापासून काकूंच्या दुपारी लुटल्या जाऊ लागल्या. पाहुणी घरात म्हटल्यावर सरबत, खाणं, बाजार, जुने फोटो. काकूंनी दोन दिवस सहन केलं आणि तिसऱ्या दिवशी नवऱ्याची पंचाईत झाली. तो नेहमीसारखा शेजारी येऊन उभा राहिला. सुईवर डोळे लावून बराच वेळ वाट पाहिली. मग न राहवून विचारलं, ‘ओळ किती लांब आहे गं ही?’

‘ओळ नाहीये,’ काकू म्हणाल्या. ‘स्वेटर गोल विणतेय. दोन्ही सुया तारेनं जोडलेल्या आहेत, बघ. नुसतं फिरत राहायचं.’

‘मग संपणार कधी?’

‘स्वेटर संपला की.’

फेरा जिथून सुरू होतो तिथे खुणेचा एक पांढरा दोरा लटकत होता. त्याबद्दल सांगायची काकूंना गरज वाटली नाही.

नवरा तिथून हलला. मग बागेचा पाइप कुठे आहे ते त्यानं स्वतः शोधलं आणि भर दुपारी पाणी सोडून घेवड्याची नव्यानं लावलेली अख्खी रांग वाहून घालवली. खिडकीतून काकूंना सगळं दिसत होतं. बोटभर वाढलेली रोपं चिखलात आडवी झाली तेव्हा त्यांचा जीव तुटला. त्या रोपांसाठी त्यांनी पहाटे उठून गोगलगायी वेचल्या होत्या. पाय जमिनीवर टेकवून त्या अर्ध्या उठल्यासुद्धा, आणि पुन्हा बसल्या. त्या दिवशी विणलेले टाके आजही स्वेटरच्या पोटावर घट्ट दिसतात.

नणंदेच्या जाण्याच्या आदल्या दिवशी मात्र कहर झाला. बॅग भरता भरता ती गहिवरून म्हणाली, ‘वहिनी, तू नाही म्हणालीस तेव्हा वाईट वाटलं होतं खरं. पण दादानं सांगितलं, की माझ्यासाठीच संपवतेयस म्हणून. वर थोडी जागा ठेवलीय बघ.’ बॅगेत कपड्यांच्या वर खरोखरच एक चौकोन रिकामा होता. काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. तो वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसला होता.

 काकूंनी उरलेल्या बाहीचे टाके बंद केले, धागा कापला, टोक आत ओवलं. घड्याळात दुपारचा एक वाजत होता आणि बाहेर रस्त्यावर कुत्रंही फिरत नव्हतं. त्यांनी सगळ्यांसमोर तो लोकरीचा स्वेटर अंगात घातला, बाह्या मनगटापर्यंत ओढल्या आणि खुरपं आणि घेवड्याचं बी घेऊन बागेत गेल्या. वाहून गेलेल्या घेवड्याच्या जागी त्यांनी गुडघे टेकले आणि माती उकरायला सुरुवात केली. थोड्याच वेळात पाठीवर ओला डाग उमटला, मग काखेत, मग गळ्याशी. कोपरांना चिखल लागला. कुंपणापलीकडचे शेजारी बघायला थांबले, तर काकूंनी त्यांना खुशाल बघू दिलं.

नवरा दारातून कळवळून म्हणाला, ‘अगं, वेड लागलंय का? घामानं पार वाटोळं होईल त्याचं. मग तिला देणार कसा?’

काकूंनी कपाळावरचा घाम पुसला. मुद्दाम बाहीनंच पुसला.

‘नाहीच देता येणार,’ त्या म्हणाल्या, आणि पुढच्या बीसाठी खड्डा केला.