लेकीच्या लग्नातला माझा गाल

ये गं बाय, जरा जवळ सरक आणि मग वाच. तुला दोन शब्द सुनावायचेत. ओठ भरून घेणार आहेस म्हणे! अगं, ती काय करंजी आहे सारण भरायला? पण तुला रागावू तरी कोणत्या तोंडानं? हे तोंड मीच एकदा भरून आणलं होतं.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. तुझ्या आईचं लग्न ठरलेलं. माझ्या दाढा नुकत्याच काढलेल्या, गाल पार आत गेलेले. कुणाच्या तरी बाप्तिस्म्याच्या फोटोत मी चोखलेल्या कोयीसारखी दिसले होते. लेकीच्या लग्नात पुन्हा तीच कोय नको, म्हणून घरी "साडीला फॉल लावून आणते" असं सांगून मी वटारहून एसटीनं वसई गाठली. तिथे एका पार्लरमध्ये मुंबईचा कुणी माणूस येऊन गालात सुया टोचायचा. तो डॉक्टर आहे का, सुईत काय आहे, काही विचारलं नाही. बाजारात कोलंबी घेताना मी दहा वेळा वास घेते. गाल मात्र डोळे मिटून पुढे केले.

आठ दिवस काय मिरवले म्हणून सांगू! चर्चमध्ये मुद्दाम पुढच्या बाकावर बसले. नवव्या दिवशी डावा गाल लाल झाला, टम्म सुजला, आत सुपारीएवढी गाठ. नणंद म्हणाली, "वहिनी, एक गाल मुलीकडचा नि एक मुलाकडचा वाटतोय गं."

हसले मीही. पण लग्नाच्या आदल्या दिवशी बँड लावून आम्ही विहिरीवर उंबराचं पाणी, म्हणजे नवरीच्या आंघोळीचं पाणी, आणायला निघालो. गावातल्या प्रत्येक लग्नात तिथलं पहिलं गाणं मी उचलायची. आणि लेकीच्या वेळी तोंडच उघडेना! शेवटी नणंदेनं गाणं उचललं. तुझी आई मागे वळून वळून माझा आवाज शोधत राहिली.

लग्नानंतर दवाखान्यात गेले, तर तिथले डॉक्टर ओरडले, "काय टोचलंय तेच माहीत नाही, तर काढू काय? नशीब समजा, रक्तवाहिनीत गेलं असतं तर डोळा गेला असता!" औषधांनी सूज उतरली, गाठ राहिली. थंडीत अजून ठणकते. आणि ज्या फोटोसाठी एवढं केलं, त्यात मी पदराआड आहे. कोय तरी दिसली असती!

"आजी, आता सगळं सुधारलंय," म्हणशील. असेलही. पण माझ्यासारखी काही न विचारता जाऊ नकोस. तारीख घ्यायच्या आधी इकडे ये, गाठीला हात लावून बघ, मग ठरव. आईलाही आण, तिचं गाणं माझ्याकडे राहिलंय. केळी पिकायला टांगलीत, ती काळी पडायच्या आत या दोघी.