पहिल्या बॅचचा कॅमेरा आणि चाकणचं गेट

चिपळूणहून पहाटेची एसटी धरली तेव्हा खांद्याला नेहमीची जड बॅग नव्हती. लग्नांचे फोटो काढून काढून माझा एक खांदा कायमचा खाली आलाय. पण त्या दिवशी जुना कॅमेरा कपाटात होता आणि खिशात तळहाताएवढा नवा. आगाऊ पैसे भरून तीन महिने वाट पाहिलेला, पहिल्या बॅचमधला. आख्ख्या तालुक्यात असा दुसरा नव्हता, याची ऐट मी कुंभार्ली घाटापासूनच मिरवत होतो.

पुनावळ्याला उतरलो तर मागच्या वेळची ऊसशेती गायब, तिथे वीस मजले. आप्पामामा तिथेच राहतात. चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटीला होते आणि दुसऱ्या दिवशी त्यांची शेवटची शिफ्ट होती. मामी खेडकडच्या, त्यामुळे जेवणात मासवडी (नाव फसवं, आत तीळ-खोबऱ्याचं सारण) आणि झणझणीत रस्सा.

"इतकी वर्सं ह्यांचा डबा भरला," मामी वाढता वाढता म्हणाल्या, "पन गेट काय कदी बघितलं न्हाई. ह्ये शेवटचे भाईर येत्यात तेवडा एक फोटू काढ."

"एकच कशाला, सिनेमाच काढतो!" मी कॅमेरा पुढे केला.

मामांनी तो उलटसुलट करून पाहिला. "कितवी बॅच?"

"पहिली!"

"आमच्याकडे सेटिंग पीसला (मशीन जुळवताना निघणारा पहिला नग) लाल फुली मारून बाजूला ठेवतात. गिऱ्हाइकाकडे जात नाही तो. आणि तू त्याच्यासाठी रांग लावलीस?"

मी हसण्यावारी नेलं. कॅमेरा म्हणजे काय नट-बोल्ट आहे?

सकाळी मामा कंपनीच्या बसने गेले. मी मागाहून भोसरीमार्गे निघालो. बसच्या खिडकीतून वर्कशॉपांच्या रांगा, लेथवर वाकलेली माणसं, तिघांच्या जागेत पाच बसवणाऱ्या रिक्षा, सगळं टिपत गेलो. चित्र अप्रतिम येत होतं. कॅमेरा जरा तापल्यासारखा लागला, पण ऊनच तसं होतं. चाकणच्या चौकात कंटेनरांच्या गर्दीत पाऊण तास गेला, तरी शिफ्ट सुटायच्या आधी गेटवर पोचलो.

भोंगा झाला. आतून टाळ्या ऐकू आल्या, गळ्यात हार घातलेले मामा दिसले. मी बटण दाबलं. पडद्यावर थर्मामीटरचं चित्र आलं आणि पडदा काळा झाला. मी बटणं दाबत राहिलो, कॅमेऱ्यावर फुंकर मारली, शर्टाने वारा घातला. मान वर केली तर मामा माझ्यासमोर उभे होते.

"आला का?"

"मामा, एकदा आत जाऊन परत बाहेर या ना."

मामा वळलेसुद्धा. गेटवरच्या म्हाताऱ्या वॉचमनने हात आडवा केला आणि लगेच तोच हात जोडला. "आप्पा, कार्ड जमा केलंया न्हवं? आता आमाला सोडता येत न्हाई, राव."

मला माझीच भयंकर लाज वाटली.

मग मामांनी सवयीने खिशाला हात लावला, लाल मार्कर काढला आणि माझ्या कॅमेऱ्यावर ठसठशीत फुली मारली. "रिजेक्ट," म्हणाले आणि स्वतःच हसले. वॉचमनने आपल्या फोनवर आम्हा दोघांचा गेटबाहेरचा फोटो काढून दिला.

संध्याकाळी मामींनी तो फोटो बराच वेळ पाहिला. मामा आंघोळीला गेल्यावर हळूच विचारलं, "फोटू ऱ्हाऊ दे. भाईर आले कसे, ते सांग. हसत व्हते का?"

"हो," मी म्हणालो.

परतीच्या एसटीत कराडच्या पुढे फोनवर निरोप आला: सुधारित आवृत्तीची नोंदणी सुरू, जुन्या ग्राहकांना आधी संधी. मी तो पुसून टाकला. नवी वस्तू मी यापुढेही घेईन, हौस माझी जुनी आहे. पण दुसऱ्याच्या एकदाच येणाऱ्या दिवशी ती पहिल्यांदा बाहेर काढणार नाही. मामी पुन्हा विचारतील तेव्हा खरं काय ते सांगायला हवं. मामा त्या गेटातून शेवटचे बाहेर आले, तेव्हा मी खाली मान घालून काळ्या पडद्याकडे बघत होतो.