उत्तराने वाळत घातलेली चित्रं

...आणि तिसऱ्या चिमट्याला तिने रिकाम्या ताटाचं चित्र लावलं, इथवर आलो होतो ना काल? नेमकी तेव्हाच सूनबाईने जेवायला हाक मारली आणि सगळं लटकत राहिलं, त्या चित्रांसारखंच. पण काल जे नव्हते ते विचारतील, चित्रं कपड्यांच्या दोरीवर कशाला? म्हणून जरा मागून घेतो.

उत्तरा ही आमच्या घाटकोपरच्या चाळीतल्या गुणाजी साटमाची थोरली. गुणाजी विक्रोळीला कारखान्यात. लहानपणी हिला बाजारात पाठवायची सोय नव्हती. सुके बांगडे आणायला गेली की बांगडे पिशवीत आणि ही वाटेतच पुड्याचा कागद वाचत उभी. त्या कागदावर कुठल्याशा साप्ताहिकातली चित्रांची गोष्ट असायची, चौकटीचौकटीची. पण दुकानदार कागद फाडणार तो गोष्टीच्या ऐन रंगात. चोर भिंतीवर चढला, की कागद संपला! मग ही परत दुकानात. "काका, उरलेल्या चोरात अजून पावशेर बांधा ना!" दुकानदार बिचारा रडकुंडीला यायचा. तिच्या पेटीत असे कागद साठले होते आणि त्यांना असा वास यायचा की चाळीतले बोके तिच्या दाराशी मुक्कामाला.

रद्दीवाल्याकडून तिला एकदा इंग्रजी चित्रांचं पुस्तक मिळालं. इंग्रजी कुठे येत होतं? तरी तिने चित्रं बघून अख्ख्या चाळीला गोष्ट सांगितली. एक राजपुत्र, त्याचा दुष्ट मामा, हरवलेली बहीण, अशी की बायका डोळे पुसत होत्या. पुढे मॅट्रिकला इंग्रजी आल्यावर तिने तेच पुस्तक वाचलं. तर तो राजपुत्र नव्हताच, साबण विकणारा होता! मामा म्हणजे त्याचं गिऱ्हाईक. हसून हसून ती जिन्यावर बसली आणि मला म्हणाली, "अण्णा, चित्रं तीच, मग माझी गोष्ट आली कुठून हो?" तो प्रश्न तिच्या डोक्यातून पुढे निघालाच नाही.

बी.ए. झाली, शाळेत शिकवायला लागली, आणि एक दिवस म्हणते, "मी एम.ए.ला प्रबंध लिहिणार, चित्रकथांवर." मी गावच्या शाळेत चौथीपर्यंत गेलेला. पुस्तकातलं चित्र बघत बसलो की मास्तर कान पिळायचे. त्याच चित्रांवर आता पदवी मिळणार म्हटल्यावर मी चाळभर सांगत सुटलो. माझा कान वसूल झाला!

पण मध्ये उभे दाबके सर. मार्तंड दाबके, कॉलेजातले प्राध्यापक, राहायला मुलुंडला. विषयावर त्यांची सही हवी आणि ते म्हणाले, "मिस साटम, चित्रात अभ्यास करण्यासारखं काय आहे? चित्र वाचायला शिकावं लागत नाही. जे आहे ते कागदावर दिसतं, शेंबड्या पोरालाही. संतकाव्यातल्या उपमा घ्या." इकडे गुणाजीने बजावलं होतं, "जूनपर्यंत सही मिळाली तर शिक. नाहीतर कणकवलीचं स्थळ आलंय, त्यांना होकार कळवतो." आणि मे उजाडला होता, बरं का!

पोरीने काय करावं? सरांना म्हणाली, "सर, एकदा आमच्या चाळीत या. माणसं चित्रं कशी बघतात ते बघा. मग नाही म्हणा." सर मुलुंडचे, घाटकोपर वाटेवरचं. आले एका रविवारी सकाळी, काळा कोट घालून, मे महिन्यात!

गच्चीवर त्या दिवशी पोह्याचे पापड लाटायचं काम चाललेलं. चाळीतल्या झाडून साऱ्या बायका हजर. चित्रं लावायला भिंत मोकळी नव्हती, म्हणून उत्तराने एका चित्रकथेच्या चार चौकटी कापून कपड्यांच्या दोरीवर चिमट्यांनी टांगल्या, वाळत घातलेल्या कपड्यांत जागा मिळेल तशा. पहिल्यात एक मिशाळ माणूस खिडकीत लाडवांचं ताट ठेवतोय. दुसऱ्यात तो दार ओढून बाहेर निघालाय. तिसऱ्यात ताट रिकामं, खाली मांजर झोपलेलं, शेजारी एक म्हातारी जप करतेय. चौथ्यात मिशाळ कपाळाला हात लावून बसलाय. अक्षर एकही नाही.

सरांना पाटावर बसवलं, पुढ्यात तेल लावलेल्या लाट्यांची ताटली. लाट्या म्हणजे पापडाच्या पिठाच्या गोळ्या, कच्च्याच खायच्या. सर नको नको म्हणाले आणि एक तोंडात टाकली.

उत्तराने मालनकाकूला विचारलं, "काकू, काय दिसतं?"

मालनकाकू त्याच महिन्यात गावाहून आलेली. छापलेली चित्रकथा जन्मात पाहिलेली नाही. लाटणं हातात घेऊन ती दोरीजवळ गेली, तीनही मिशाळांकडे निरखून बघितलं आणि म्हणाली, "अगो बाये, तिगय भाव येकाच तोंडाचे! ह्येंच्या आवशीन ओळखूचा कसा?"

आवस म्हणजे आई; काकूला ते तिघे भाऊ वाटले. गच्ची खदखदली. सरही हसले. "अहो बाई, तो एकच माणूस आहे!"

"येकच? मगे तीन ठिकाणी कसो? भूत आसा काय?"

"तसं नाही. हे आधी, हे नंतर. डावीकडून उजवीकडे बघायचं."

"माका कोणी सांगूक नाय ता!" काकू फणकारली.

"ते सांगावं का लागतं?" सर म्हणाले, आणि घास तोंडातच राहिला. उत्तराने नुसती दुसरी लाटी पुढे सरकवली. चतुर हो, पोरगी!

काकूला एकदा युक्ती कळली, मग काय विचारता! "मगे लाडू मांजरान खाल्ल्यान."

"मांजर कुठलं लाडू खातं?" गुणाजी म्हणाला. तो उघडाबंब, पंचा लावून कोपऱ्यात बसला होता. "त्यानेच जाताना खिशात घातले असणार, मिशीवाल्याने. नवरे तसेच!"

"तू खातोस म्हणून सगळे खातात काय रे?" मी म्हणालो. "शेजारणीने नेले. खिडकी उघडी आहे बघ."

झालं! गच्चीवर तीन तट पडले. लाटणी उगारली गेली. मांजरवाल्या बायका शेजारणीवाल्यांना लाट्या देईनात. पापड उन्हात तसेच, एकाची घडी झालेली, कोणी उलटेना. आणि एवढ्यात पाटावरून दाबके सर ताडकन उठले.

"अरे, तुम्हाला डोळे आहेत की नाहीत? म्हातारीने खाल्ले! सरळ सरळ म्हातारीने!"

"कशावरून?" सगळे एकदम.

"कशावरून काय? तो गेल्यावर ती हळूच उठली, इकडेतिकडे बघितलं, पटापट लाडू खाल्ले, पदराला तोंड पुसलं आणि जपाला बसली. लबाड! मी पाहिलं ना!"

"कुठे पाहिलंत, सर?" उत्तराने विचारलं. अगदी हळू.

"हे काय, इथे!" म्हणत सर तरातरा दोरीपाशी गेले आणि दुसऱ्या आणि तिसऱ्या चित्राच्या मध्ये त्यांनी जोरात बोट रोवलं.

तिथे चित्र नव्हतं. तिथे गुणाजीची बनियन वाळत होती. आणि सरांचं बोट तिच्या भोकात जाऊन बसलं होतं.

आधी मालनकाकू हसली. मग गच्ची हसली, मग खालच्या मजल्यावरची माणसं काही न कळताच हसायला लागली. सर मात्र बोट तसंच ठेवून उभे. डावीकडच्या चित्राकडे बघितलं, उजवीकडच्या चित्राकडे बघितलं, बनियनकडे बघितलं. चेहऱ्यावर असं काही उमटलं, की मला ती वाटेत कागद वाचत उभी राहणारी पोर आठवली.

"अगं," मिस साटम वगैरे सगळं विसरून ते म्हणाले, "पण मी पाहिलं ना तिला खाताना! ते आलं कुठून? आणि मग लाडू खरे खाल्ले तरी कोणी?"

आणि उत्तरा म्हणाली, "सर, तेच शोधायला तर तुमची सही हवीय. पण आधी बोट काढा, बाबांकडे दुसरी बनियन नाही."