पाय काढला की बंद

कलबुर्गीच्या एका वकिलानं मला फसवलं, हे मी आठ महिने भेटेल त्याला सांगत होतो. तुरीचा दाणा दातांखाली फोडून त्यातला ओलावा सांगणारा मी माणूस. भालकीच्या बाजारात पोती उचलण्यापासून सुरुवात केली आणि आज माझ्याशी भाव करायला लोक जोडीनं येतात. अशा मला त्यानं गाडी विकली, तीही दुखणेकरी.

गाडी लाल, बुटकी, दोनच सीटची, छत मागं दुमडणारी. वयानं माझ्या थोरल्या मुलीएवढी, आणि त्या मुलीला दोन पोरं आहेत. पळवली की गाडी झकास पळे. पण पेडलवरचा पाय काढला की इंजिन आधी किंचाळायचं, मग दोन आचके देऊन गप्प व्हायचं. उसाच्या ट्रॉलीमागं अडकलो की माझं तोंड गाडीसारखंच लाल व्हायचं. गावातल्या प्रत्येक गतिरोधकावर मला कुणीतरी ढकलून दिलेलं आहे.

तीन मिस्त्री झाले. एकानं प्लग बदलले. दुसऱ्यानं हवेचं तोंड फवारा मारून साफ केलं. तिसऱ्यानं स्लोचा, म्हणजे पाय काढल्यावर इंजिन चालू ठेवणारा, स्क्रू इतका पिळला की गाडी क्लच सोडल्याबरोबर आपली आपणच पळत सुटली. तिघांशीही मी भांडलो. रोग मात्र होता तिथंच. वकिलाचे फोन यायचे, ते मी उचलत नव्हतो. काय सफाई द्यायची ती कोर्टात दे म्हणावं.

असं सगळं असताना भाच्याच्या साखरपुड्यात मी पन्नास माणसांत बोलून बसलो, की नवरदेवाची मिरवणूक मामाच्या गाडीतून निघेल.

दाजी, म्हणजे नवरदेवाचे वडील, तिथंच हसले. "बसवकल्याणचे बँडवाले एका गाण्याला एक पाऊल सरकत्यात. तुझी गाडी उभी ऱ्हाती का? मी आपलं ट्रॅक्टर अन् दोरी मागं ठिवतो."

"दाजी, नवरदेव हाय तो, बिघडलेला पंप न्हाई ओढून न्यायला."

"व्हय, पंप एवढा बंद पडत न्हाई."

आता गाडी बंद पडली असती तर पाहुण्यांत माझं नावच 'ढकलमामा' पडलं असतं. लग्नाला दहा दिवस राहिले, तेव्हा कुणीतरी जनवाड्याच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीचं नाव सुचवलं. तो ट्रॅक्टर आणि डिझेलचे पंप दुरुस्त करायचा. बायकोला पुढं बिदरला साड्या घ्यायच्या होत्या, म्हणून तीही सोबत होती.

मी सवयीनं आधी भाव काढला. मिस्त्रीनं हात पुसत मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"अप्पा, काम झाल्यावर चहा सांगतो. चहा संपेपर्यंत गाडी स्लोवर उभी ऱ्हायली तर मी सांगन ते द्यायचं. न्हाई ऱ्हायली तर चहा बी माझाच."

यात भाव करायला जागाच नव्हती. मला फार वाईट वाटलं.

मग तो बायकोकडं वळला. "अक्का, पिशवीत उदबत्ती हाय का?"

ती देवळासाठी आणलेली होती. बायको म्हणाली, "बरं झालं. आता देवच करतो काय ते."

मिस्त्रीनं पेट्रोलच्या नळ्या चाचपून कोरड्या असल्याची खात्री केली, वाळूची बादली जवळ ओढली, पंखा बंद केला. मला गाडी चालू करून पेडल जेमतेम दाबून धरायला सांगितलं आणि पेटलेली उदबत्ती इंजिनावरून हळूहळू फिरवू लागला. धूर सरळ वर जात होता. एका कोपऱ्यात मात्र तो वाकला आणि सुर्रकन खाली ओढला गेला.

"हौ! इथनं हवा ओढायलीय. फुकटची हवा पोटात गेल्यावर इंजिन काय करंल?"

त्यानं आत हात घालून बोटभर जाडीचा रबरी पाईप बाहेर काढला. पाईप चिरलेला होता आणि त्यावर काळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती. ती पट्टी मी ओळखली. माझ्या आधी बायकोनं ओळखली.

"हाच की वो तो! वकील म्हणाले नव्हते का, पाईप बदलायचाय, दोन दिवस थांबा म्हणून? तुमीच म्हणलाव, न्हाई थांबत, पाईपाचे पैसे कापा अन् भाव सांगा."

"मग आठ महिने बोललीस कामून न्हाई?"

"तुमी बोलू देताव कुठं?"

मिस्त्री खाली मान घालून ट्रॅक्टरच्या पाईपाचा तुकडा कापत बसला. त्याचे खांदे हलत होते. तुकडा बसवला, स्लोचा स्क्रू परत जागेवर आणला. चहा आला. मी मुद्दाम बशीत ओतून फुंकून फुंकून प्यालो, तरी गाडी मांजरासारखी घुरघुरत उभीच राहिली. त्यानं सांगितले तेवढे पैसे दिले.

"लावा आता फोन," बायको म्हणाली.

वकिलानं पहिलाच प्रश्न विचारला, "पाईप बदलला का हो? मी नवा आणून ठेवलाय. किती फोन केले तुम्हाला!"

मी त्याला भाच्याच्या लग्नाचं आमंत्रण दिलं.

तो आला. पाईप कागदात गुंडाळून घेऊन आला. "अन् पाईप आवळायच्या क्लिपा?" मी विचारलं. त्यानं दुसऱ्या खिशातून क्लिपा काढल्या.

मिरवणुकीत बँड खरंच एका गाण्याला एक पाऊल सरकत होता. भाचा शेजारी बसलेला, माझे दोन्ही पाय मोकळे, गाडी चालू. दाजी ट्रॅक्टर सोडून पुढं आले. बँडमध्ये इंजिन ऐकू येईना म्हणून त्यांनी बॉनेटवर हात ठेवला आणि चटका बसल्यावर काढून घेतला. मग दाराशी चालणाऱ्या पाहुण्याकडं बघून मोठ्यानं म्हणाले, "हेच का ते, तुला फसवलेले वकील?"

वकिलानं माझ्याकडं बघितलं. भाच्यानं बघितलं. मागच्या गाडीतून बायको तर बघतच होती.

"न्हाई दाजी," मी म्हणालो. "ह्यांनी सांगितलं होतं. मीच थांबलो न्हाई."

दाजी खो खो हसले. मी गरज नसताना पेडल दाबलं आणि इंजिन मोठ्यानं वाजवलं.