हौसाच्या नावाचा दहीभात

माझ्या सोजराआत्याला कुरुळीत सगळे ‘पुस्तकवाली’ म्हणत, आणि त्यात कौतुक कमी, टोमणा जास्त. लहानपणीच विधवा झाली, पुण्याला बायकांच्या आश्रमात सातवीपर्यंत शिकली आणि भावाकडं, म्हणजे आमच्याकडं, परत आली. गावात वाचता येणारी बाई ती एकटी. चाकणच्या बाजारासाठी कांदा निवडायला आम्ही बायका-पोरी वखारीत बसायचो, तेव्हा ती पुण्याच्या मासिकातली मुलींसाठीची गोष्ट मोठ्यानं वाचायची.

गोष्टी तरी कसल्या हो! दर खेपेला दोनच पोरी. एक खाली मान घालून बोलणारी, लांब वेणीची. तिचं लग्न थाटात व्हायचं. दुसरी खदाखदा हसणारी, उलट बोलणारी, सायकलवर बसणारी. ती शेवटी विहिरीत जायची. लिहिणाऱ्यांना तिसरी पोर जन्मात भेटली नसावी, कपाळ त्यांचं! बायका मात्र विहीर येईपर्यंत श्वास धरून ऐकायच्या आणि आली की डोळे पुसून म्हणायच्या, "व्हायचंच व्हतं."

आमच्यात हौसा होती. शेजारच्या गोजावहिनींची थोरली, सोळा-सतराची. हसायला लागली की वखार दणाणायची. पिंपरीला औषधांचा कारखाना निघाला होता. तिथं बाटल्या भरायला पोरी घेतात असं तिनं कुठंसं ऐकलं आणि चुलत्याच्या सायकलवर शिकायला लागली. "मी जानार हाय," एवढंच म्हणायची.

एके सकाळी विहिरीच्या पायरीवर हिरव्या बांगड्या आणि पानावर दहीभात दिसला. विहिरीत गेलेल्या बाईला पाण्यातल्या आसरा आपल्यात घेतात, म्हणून तिच्या नावानं असं ठेवायची आमच्याकडं रीत. पण त्या वर्षी विहिरीत कुणी गेलंच नव्हतं.

"कुणासाठी गं हे?" आत्यानं विचारलं. पाणी शेंदणाऱ्या बायका एकमेकींकडं बघत राहिल्या. हौसाकडं एकीनंही पाहिलं नाही.

मग ते सारखंच दिसायला लागलं. हौसा घागर घेऊन आली की बायका पदर आवरून बाजूला सरकायच्या. ती समोर उभी असताना सोपानरावांची म्हातारी म्हणाली, "लई हसरी व्हती गं पोर." व्हती म्हणे! एकदा जेवताना गोजावहिनींनी धाकट्या दोघांना वाढलं आणि हौसापुढं ताटच नाही. "आये, माजं?" वहिनी दचकल्या, "अगं बाई, इसरलेच की," म्हणत हमसून हमसून रडायला लागल्या. माझ्या अंगावर आजही काटा येतो, आणि संताप होतो तो वेगळाच. जित्या पोरीला मारून मोकळ्या झाल्या होत्या सगळ्या!

हौसाचं हसणं बंद झालं. भर दुपारी ती विहिरीच्या कठड्यावर एकटी बसायला लागली. आत्यानं दंडाला धरून आणली तर शांतपणे म्हणाली, "आत्या, समद्यास्नी ठावं हाय. मलाच तेवढं कळलं न्हवतं."

आत्याच्या काळजाचं पाणी पाणी झालं. दुसऱ्या दिवशी वाचताना तिनं पानावरचं सोडून दिलं आणि मनानंच सांगत गेली: सायकलवाली पोर पिंपरीला जाते, कामाला लागते, सुखानं राहते. तिनं मासिक मिटलं.

"आन विहीर?" गोजावहिनींनी विचारलं.

"विहीर नाही, वहिनी."

"आसं कसं? मग ती पोर ग्येली कुठं?"

"कामाला गेली म्हणते ना मी!" आत्या ओरडलीच. बायका तशाच बसून राहिल्या, पुढचं ऐकायला. त्या दिवसानंतर आत्यानं त्यांना एक ओळ वाचून दाखवली नाही.

हौसा मात्र उठली. टोपली तिथंच टाकून निघाली ती थेट पिंपरीला. काम मिळालं, एका बाईकडं राहायची सोयही झाली.

दिवाळीला ती आली. नवं पातळ, गाल भरलेले. तिला बघून आत्याला काय आनंद झाला म्हणून सांगू! हाताला धरून तिनंच हौसाला तिच्या घरी नेलं.

"आये, मी आले," हौसा दारातून म्हणाली. वहिनी भिंतीला टेकल्या आणि त्यांनी हात जोडले.

"अहो, काय करता!" आत्यानं हौसाचा हात ओढून त्यांच्या गालावर ठेवला. "ऊन आहे की नाही बघा! जिवंत आहे तुमची पोर!"

वहिनींनी तो हात दोन्ही हातांनी गालाशी दाबून धरला. डोळ्यांना धारा लागल्या होत्या. मग त्यांनी तो हळूच सोडला, धाकट्या दोघांना पाठीशी घेतलं.

"येत जा गं बाई," त्या म्हणाल्या, "पन या लेकरांस्नी तेवढं धरू नगंस."