वडिलांचं अक्षर

वाचनालयाच्या नव्या ओळखपत्रावर डी. बी. सरांचं इंग्रजी नाव आलं, त्यात डी मोठा आणि त्याला चिकटलेला बी चिमुकला. सर गरजले, "अगं, बी म्हणजे भिकाजी, माझे वडील! त्यांनाच लहान केलंस?"

कॉम्प्युटरवरची मुलगी हिरमुसली. "सर, प्रोग्रामच तसा आहे. पहिलं अक्षर मोठं, बाकी सगळी लहान."

आमची रांग खुसखुसली. मला मात्र त्या प्रोग्रामची दयाच आली. आपल्या नावात मधोमध बाप बसलेला असतो, हे त्या बिचाऱ्याला कोण सांगणार?

मुलीने दोन अक्षरांमध्ये जागा सोडली. बी ताठ उभा राहिला. सरांनी चष्मा पुसून पडद्याकडे पाहिलं.

"हां, आता बरोबर," ते हळूच म्हणाले. "चांगले सहा फूट होते ते."